उजव्या बाजूचं स्टँड

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराचा एक कारखाना होता आणि तो चालवणाऱ्या बाईला सगळे वेल्डरबाई म्हणत. पोटासाठी ती लोखंडी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करायची, जिवासाठी मोटरसायकली. कुणाला पुढचं चाक मोठं हवं असायचं, कुणाला सीट खाली, कुणाला हँडल पार आभाळाला टेकवायचं असायचं. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची, निम्म्यांना "असं केलंस तर पहिल्याच वळणावर तोंड फुटेल" असं सांगून वाटेला लावायची आणि उरलेल्यांची कामं मन लावून करायची.

तिनं केलेल्या गाड्यांत सगळ्यात लाडकी होती ती तिच्या दादाची. दादा लिफ्टचा मेकॅनिक. भंगारातलं इंजिन, दुसऱ्याच कुठल्या गाडीची टाकी आणि पुढच्या चाकाचे लांब केलेले फोर्क असं सगळं जमवून दोघांनी ती उभी केली होती. काळी, रुंद, सुरू होताना घशातून गुरगुरणारी. दादानं तिचं नाव ठेवलं होतं म्हैस. "ही हलत नाही तोवर हलत नाही, आणि हलली की आपण बाजूला व्हायचं," असं तो म्हणायचा.

दादाला नाही म्हणणं वेल्डरबाईला आजवर जमलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. तिनं वेल्डिंग शिकायचं काढलं तेव्हा घरात रणकंदन माजलं होतं. डोळे जातील, चारचौघांत हसं होईल, वडील एकेक पाढा वाचत होते. दादा भरल्या ताटावरून उठला आणि म्हणाला, "ती शिकेपर्यंत मी या घरात जेवणार नाही." आणि खरंच जेवला नाही. शेवटी वडिलांनीच हात टेकले. त्या उपासावर आपला सगळा कारखाना उभा आहे, असं तिला वाटायचं.

तर एका सकाळी दादा म्हैस घेऊन आला आणि म्हणाला, "धाकटे, स्टँड आखूड झालंय. गाडी फार कलते. उठवताना कंबर जाते."

"आखूड झालंय म्हणजे? लोखंड काय धुतल्यावर आटतं?"

"तू बघ तर खरं."

तिनं बघितलं. साइड स्टँडचं गणित तसं साधं. स्टँड आखूड तर गाडी जास्त कलते आणि उचलताना जीव काढते. स्टँड लांब तर गाडी सरळ उभी राहते, हलकी उठते, पण मग कुणी शिंकलं तरी पलीकडे पडते. या दोन्हींच्या मधे कुठेतरी बोटभर जागा असते आणि ती माणसागणिक वेगळी असते. दादाची ती जागा वेल्डरबाईनं स्वतः शोधून दिली होती. तरी ती वाद न घालता लाकडाचे पातळ तुकडे घेऊन आली, एक स्टँडखाली सरकवला आणि म्हणाली, "बस. उचल आता."

दादा बसला. डावा पाय जमिनीला रोवून त्यानं हँडल ओढलं. गाडी हलली आणि परत टेकली. तिनं दुसरा तुकडा सरकवला. दादानं खांद्यांनी, दंडांनी, दातओठ खाऊन जोर लावला, नाही. तिसऱ्या तुकड्याला म्हैस उठली. "बघ!" तो धापा टाकत म्हणाला. "स्टँडच आखूड होतं."

वेल्डरबाई खाली बसलेलीच होती. तिच्या डोळ्यांसमोर दादाची पँट घोट्यावरून वर सरकलेली होती. डाव्या पायाची पोटरी गळून गेली होती. गोळा असायचा तिथे नुसतं हाड आणि त्यावर कातडं, आणि गुडघ्यापासून खाली तो पाय थरथरत होता. पण दादा इतक्या आशेनं तिच्याकडे बघत होता, की तिनं पायाचं विचारलं नाही. तिनं स्टँड कापलं, मधे तुकडा बसवला, वेल्डिंग केलं आणि त्याला गाडी दिली.

महिना सरला नाही तोच तो परत आला. "अजून थोडं लांब कर."

तिनं केलं. आता म्हैस इतकी ताठ उभी राहू लागली, की तिच्याजवळून जाताना माणसं आपसूक अंग चोरत.

त्याच आठवड्यात दुपारी शाळा सुटल्यावर वहिनी कारखान्यात आली. वहिनी शाळेत गणित शिकवायची आणि सहसा अशी अवेळी यायची नाही. तिनं खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"तुझ्या दादांनी तुला काही सांगितलंय?"

"नाही."

"वाटलंच." वहिनी ऐरणीकडे बघत बोलू लागली. "मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. पायाचं दुखणं नाहीये ते. नसा मरत चालल्यात. आधी डावा पाय, मग उजवा, मग हात."

"मग?"

"मग गिळणं. मग श्वास."

"औषध?"

वहिनीनं नुसती मान हलवली. मग एकदम वेल्डरबाईचा हात घट्ट धरून म्हणाली, "ते आता गाडी घेऊन तुझ्याकडेच येतील. मी ओरडून बघितलं, रडून बघितलं. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. तू नाही म्हण. एवढं एक कर माझ्यासाठी."

वेल्डरबाईनं शब्द दिला. देताना तिला तो खरा वाटत होता.

दादा आला तेव्हा काठी टेकत आला होता. काठी म्हशीच्या सीटला दोरीनं बांधलेली असायची, उतरला की सोडून घ्यायचा. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "नाही करणार मी."

"तुझी वहिनी येऊन गेली का?"

"येऊन गेली. आणि तू मला सांगितलं नाहीस."

दादा लोखंडी पाइपांच्या ढिगावर बसला. "काय सांगायचं होतं? आता सांगतो. कंपनीनं मला लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरू देणं बंद केलंय. टेबलामागे बसवलंय. लोक फोन करतात, लिफ्ट अडकली म्हणून, मी म्हणतो माणूस पाठवतो. मी! घरी बादली उचलायची नाही. जिना चढलो की तुझी वहिनी मागून दोन्ही हात पसरून, जणू मी काचेचं भांडं. दिवसातून एकदा मी या गाडीवर बसतो धाकटे, आणि तेवढा वेळ मला कुणी सांभाळून म्हणत नाही."

"आणि पडलास म्हणजे?"

"पडणारच आहे मी. गाडीवर नाही पडलो तर न्हाणीघरात पडेन." मग त्याचा आवाज फुटला. "मला थोडे दिवस दे. तेवढेच मागतोय. तू नाही दिलेस तर कुणाकडे मागू?"

त्याला रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही तो सगळ्यांना चहा देत फिरला होता. आणि मग तोंडातून शब्द निघून गेले, विचार मागून आला.

"डावाच पाय ना? उजवा बरा आहे?"

"उजवा अजून ठीक आहे. का?"

"मग स्टँड डावीकडेच कशाला हवं?"

दादानं डोळे पुसले आणि तिच्याकडे असं पाहिलं, की तिला शब्द परत गिळायची सोय राहिली नाही.

पुढचे दिवस ती वेड्यासारखी कामाला लागली. फाटकवाले येऊन बोंबलून गेले. उजवीकडे सायलेन्सर आडवा येत होता. तिनं तो कापून वर वळवला. चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, उजव्या नळीला स्टँड अडकवायचा नवीन कान जोडला, त्यावर स्टँड बसवलं. स्प्रिंग तीनदा बदलली. गिअर डाव्या पायाचे होते, त्यांना सळई जोडून हाताचा दांडा केला. काम करताना तिला वहिनीची आठवण यायची आणि ती चेहऱ्यावर मास्क ओढून घ्यायची. वेल्डिंगच्या ठिणग्यांपुढे दुसरं काही दिसत नाही, तेवढं बरं होतं.

सगळं झाल्यावर दादा गाडीवर बसला. म्हैस आता उजवीकडे, भलत्याच बाजूला कललेली. समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बघायला आला. "बाई, आरशात बघून बसवलंत काय स्टँड?" तो म्हणाला.

दादानं उजवा पाय रोवला आणि रेटा दिला. म्हैस अलगद उठली. एका दमात! दादा असा काही ओरडला, की शिंप्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. तो फाटकातून बाहेर पडला, गल्लीच्या टोकाला वळला, आणि गुरगुर ऐकू येईनाशी होईपर्यंत वेल्डरबाई हातात पाना धरून उभी राहिली. किती तरी दिवसांनी तिला पोटभर श्वास आला होता.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "मी तुला काय सांगितलं होतं?" एवढंच. आणि तिनं फोन ठेवला.

काही दिवस बरे गेले. दादा रोज चक्कर मारून जायचा, तोंडावर लहान मुलासारखं हसू. "उजव्या स्टँडवाला म्हणतात मला," असं सांगायचा. आणि एका दुपारी शाळेच्या पहारेकऱ्याचा फोन आला. मॅडमच्या मिस्टरांची गाडी पडलीय, ताबडतोब या.

शाळा दोन गल्ल्यांपलीकडे होती. ती पायातल्या जाड बुटांनिशी पळत सुटली.

दादा बायकोला घरी न्यायला आला होता. न सांगता, तिला चकित करायला. गाडी शाळेसमोर रस्त्याच्या कडेला लावून बसला होता. वहिनी बाहेर आली, त्यानं "बस मागे" म्हणून हाक मारली आणि उजव्या पायानं तोच रोजचा रेटा दिला. म्हैस उठली, सरळ झाली आणि थांबली नाही. डावीकडे गेली. तिथे धरायला पाय नव्हता. सगळं धूड दादासकट पदपथावर कोसळलं. शाळा सुटलेली, पोरं भराभरा बाहेर येत होती. हँडलखाली एका मुलीचं दप्तर सापडलं. मुलगी पुढे गेली होती, दप्तर पाठीवरून ओढलं गेलं आणि पट्टा तुटला म्हणून वाचली. ती भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होती.

वेल्डरबाई पोचली तेव्हा माणसं गाडी उचलत होती. दादाचा डावा पाय नको तिथे वाकला होता. त्याचे डोळे मिटलेले होते, पण तो शुद्धीवर होता. भोवती पोरांचा गराडा, आणि वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन पोरांना सांगत होती, "जा रे, घरी जा, काही नाही झालं." वर्गातलाच आवाज होता तिचा.

वेल्डरबाईचं लक्ष मात्र रस्त्याकडे गेलं. कारखान्यातली फरशी सपाट होती. रस्ता सपाट नसतो. पाणी वाहून जावं म्हणून त्याच्या कडा उतरत्या ठेवतात. डाव्या कडेला लावलेली, डावीकडे कलणारी गाडी त्या उतारावर आणखी कलते, तिला काही होत नाही. उजवीकडे कलणारी गाडी मात्र तिथे ताठ होते. अगदी काठावर येऊन उभी राहते. कारखान्यात जेवढा रेटा लागायचा, तेवढा इथे गाडी उलथायला पुरेसा होता. एवढं सगळं केलं, सायलेन्सर फिरवला, गिअर हातात आणले, आणि गाडी एकदा बाहेर नेऊन रस्त्यावर लावून बघायचं सुचलं नाही.

इस्पितळात हाड जुळवायची तयारी चालली होती. बाहेरच्या बाकावर वहिनी एकटी बसली होती. वेल्डरबाई शेजारी बसायला गेली तशी ती उठली.

"ती मुलगी मेली असती," वहिनी म्हणाली. "माझ्या वर्गातली आहे ती. मी तुझ्याकडे एक शब्द मागितला होता, तू त्यांना लोखंड दिलंस."

वेल्डरबाई आत गेली. दादानं तिची चाहूल ऐकली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

कारखान्यात परतली तेव्हा माणसांनी म्हैस ढकलत आणून ठेवली होती. तिनं ग्राइंडर घेतलं आणि उजवं स्टँड मुळापासून कापून काढलं. पूर्ण गाडीच कापून टाकायचं तिच्या मनात होतं. टाकीला कापायचं चाक टेकवलं आणि हात थांबला. ग्राइंडर भिरकावून देऊन ती फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. शिंपी पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत आला, आणि तांब्या तिथेच ठेवून गेला. म्हैस जुन्या टायरांवर आडवी पडून राहिली. वेल्डरबाईनं कारखान्याचं दार लावून घेतलं. गिऱ्हाइकं वाजवून वाजवून गेली.

हाड जुळलं, पण दादा काही उठला नाही. तो पलंगावर पडून असताना दुखण्यानं उजवा पायही गाठला होता. वेल्डरबाई दिवसाआड त्याच्या घरी जायची, स्वयंपाकघरात बसून परत यायची. तो भेटायला तयार नव्हता.

मग एक दिवस वहिनीच कारखान्यात आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस कसेबसे बांधलेले.

"जेवत नाहीत," ती म्हणाली. "घास पुढे केला की तोंड मिटून घेतात. काल मला म्हणाले, मला सोडव यातून, तुझ्या पाया पडतो. मी काय करू गं? मला तुझ्यावर रागावायचं आहे. पण राग धरायलासुद्धा अंगात त्राण लागतं ना."

वेल्डरबाईनं तिला स्टुलावर बसवलं.

"एकच विचारतात," थोड्या वेळानं वहिनी म्हणाली. "म्हैस कुठेय म्हणून."

दुसऱ्या दिवशी दोघींनी त्याला चाकाच्या खुर्चीत घालून कारखान्यात आणलं. सगळ्या रस्ताभर तो मान खाली घालून होता. दारातून आत आल्यावर त्यानं वर पाहिलं. टायरांवर आडवी पडलेली, धूळ खाल्लेली म्हैस त्याला दिसली, आणि उजव्या नळीवर कापलेल्या स्टँडचं थोटूक दिसलं.

"जनावर असं आडवं टाकतात का?" तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज निघाला होता, आणि तो चिडलेला होता. "उभी कर तिला. डावीकडे स्टँड लाव."

"कुणासाठी?"

"ज्याला दोन पाय आहेत त्याच्यासाठी."

"मी नाही हात लावणार तिला." वेल्डरबाईचा आवाज चिरकला. "माझ्यानं तुझा पाय मोडला दादा. ती पोरगी मरता मरता वाचली. मला नाही बघवत ती."

"मग मला पाना दे. मी लावतो."

वहिनी मधे पडणार होती, पण दादानं हात पुढे केला होता, आणि तो तसाच राहिला. वेल्डरबाईनं रागानं पाना त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं बोटं मिटली. मिटली, म्हणजे मिटायचा प्रयत्न केला. पाना घरंगळला आणि फरशीवर पडला. पडल्याचा आवाज कारखानाभर घुमला. तिघांनाही कळलं. आता हातही जायला लागले होते.

वेल्डरबाई वाकली, पाना उचलला आणि कामाला लागली.

जुनं, पहिलं स्टँड कोपऱ्यातल्या भंगारात नव्हतंच, ते कधीच कापून जोडून संपलं होतं. तिनं नवीन नळी घेतली. दादा खुर्चीतून सूचना करत राहिला, आणि तिला त्या सगळ्या पाठ असूनही ती ऐकत राहिली. दोघांचं भांडणही झालं. तो म्हणाला अजून कलू दे, ती म्हणाली पुरे. "माझं डोकं अजून चालतंय," तो खेकसला, "नीट बघ, टाकीतलं पेट्रोल धरलंस का वजनात?" तिनं धरलं नव्हतं. वहिनी स्टुलावर बसून वेल्डिंगकडे पाठ करून होती. पहिल्यांदाच तिच्या खांद्यांमधला ताठा थोडा सैल झाला होता.

या वेळी वेल्डरबाईनं गाडी रस्त्यावर नेली. कडेच्या उतारावर लावली, मग मधोमध, मग फाटकाच्या चढावर. प्रत्येक ठिकाणी खांद्यानं धक्का देऊन बघितला. म्हैस हलली, कुरकुरली, पण पडली नाही.

"आता तू बस," दादा म्हणाला.

ती गाडी तिनं आवारापलीकडे कधी चालवली नव्हती. ती दादाची होती. "मला नको," ती म्हणाली. दादानं मानेनंच सीटकडे खूण केली. ती बसली. डावा पाय रोवला, हँडल ओढलं. म्हैस उठेना. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा जोर लावला, तेव्हा कुठे ती स्टँडवरून सुटली. वेल्डरबाई गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली आणि फाटकाशी स्टँड लावलं.

"जड लागली?" दादानं विचारलं.

"जड आहे. मलासुद्धा जड आहे, दादा."

त्यानं मान डोलावली. त्याच्या ओठांच्या कडेला लाळ आली होती. वहिनीनं पदरानं टिपली आणि त्यानं ती टिपू दिली.

त्या संध्याकाळी तो अर्धी वाटी भात जेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड मिटून घेतलं. वहिनीचा फोन आला, "येतेस का गं? माझं काही चालत नाहीये," आणि वेल्डरबाई हातमोजे काढत तशीच निघाली. म्हैस घेऊनच निघाली, कारण चालत जायला तेवढा वेळ नव्हता.